बैलाचा गुडघा कुठे असतो?

बैल बसताना आधी पुढचे पाय दुमडतो, क्षणभर त्या दुमडलेल्या सांध्यांवर भार घेतो आणि मग मागचा भाग खाली टेकवतो. त्या सांध्याला आपण सगळेच गुडघा म्हणतो आणि तिथे घट्टे पडलेले बैल मराठवाड्यातल्या कोणत्याही गोठ्यात दिसतात. शरीररचनेच्या हिशेबाने मात्र ते मनगट आहे. मागच्या पायातला जो सांधा उलटा वाकतो आणि ज्याच्याकडे बोट दाखवून ‘जनावराचा गुडघा मागे वळतो’ असे सांगितले जाते, तो प्रत्यक्षात घोटा आहे आणि त्याच्या मागे जे टोक बाहेर आलेले दिसते ती टाच आहे. बैलाचा खरा गुडघा बराच वर, मांडीच्या पुढच्या अंगाला, पोटाजवळच्या कातडीआड असतो आणि तो आपल्या गुडघ्यासारखाच पुढे वळतो. बैल पाय मागे ओढत चालू लागला की जनावरांचे डॉक्टर पुष्कळदा वाटी अडकल्याचे सांगतात. तेव्हा त्यांचा हात या वरच्या जागीच जातो, कारण गुडघ्याची वाटी तिथेच असते.

हे एकदा ध्यानात आले की सबंध जनावर नव्याने वाचता येते. आपल्या हातात खांद्यापासून खाली आधी एक हाड, मग कोपराखाली दोन हाडे, मग मनगटाची बारीक बारीक हाडे, त्यापुढे तळहाताची लांबट हाडे आणि शेवटी बोटे असा क्रम आहे. बैलाच्या पुढच्या पायात अगदी हाच क्रम सापडतो, फक्त मापे बदललेली असतात. दंडाचे हाड आखूड होऊन छातीच्या बाजूला कातडीत दडलेले असते, म्हणून बैलाला कोपर आहे हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कोपराखालच्या दोन हाडांपैकी एक दुसऱ्याला चिकटून गेलेले असते. मनगटाची बारीक हाडे जागच्या जागी असतात. सर्वांत मोठा बदल झालेला आहे तो तळहातात. पाच हाडांऐवजी तिथे एकच लांब, सरळ, मजबूत हाड दिसते, ज्याला आपण नळी म्हणतो.

ही नळी मुळात एक हाड नाही. बोकडाचा पाया ज्यांनी खाल्ला आहे त्यांनी ती हातात धरलेली असतेच. तिचे खालचे टोक नीट पाहावे. ते एकसंध नसते. मध्ये खोल खाच असते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र गोल माथे असतात, ज्यांवर दोन खुरांची बोटे बसतात. हाडावरून अंगठा वर नेला तर त्याच खाचेची पुसट रेघ काही अंतरापर्यंत लागते. करडू आईच्या पोटात असताना ही दोन वेगळी हाडे असतात, मधल्या आणि त्याच्या शेजारच्या बोटाची, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या बोटाची; वाढता वाढता ती एकमेकांना जुळतात. खूर म्हणजे त्या दोन बोटांची नखे. बैलाला पत्री मारताना एका पायाला दोन पत्र्या लागतात त्या याच कारणाने. दुसरे आणि पाचवे बोट पूर्ण गेलेले नाही: खुरांच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला, जमिनीला न टेकणाऱ्या दोन छोट्या नखांच्या रूपाने ते लोंबत राहिलेले आहे. अंगठ्याचा मात्र मागमूस उरलेला नाही.

म्हणजे गाय, बैल, शेळी, मेंढी, हरिण ही सगळी जनावरे जन्मभर चवड्यावरही नव्हे, तर दोन बोटांच्या नखांवर उभी असतात. यात त्यांचा फायदा असा की पायाची एकूण लांबी वाढते आणि टोकाकडचे वजन घटते. पाय पुढेमागे हलवताना टोकाशी असलेले वजन सर्वांत जास्त शक्ती खाते, म्हणून धावणाऱ्या जनावरांच्या पायात मांस वर, धडाजवळ, गोळा झालेले असते आणि खाली फक्त दोरीसारखे चिवट स्नायुबंध उतरतात. पायाच्या रश्श्यात मांस नसते, चिकटपणा असतो, तो या स्नायुबंधांचा आणि कातडीचा.

अजून एक गोष्ट खांद्याची. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीत हळद आणि लोणी लावून ज्या जागी आपण बैलाचा खांदा चोळतो, तिथे आत काय आहे हे पाहण्यासारखे आहे. माणसाच्या गळ्याखाली दोन आडवी हाडे असतात; त्यांच्यामुळे हात छातीच्या पिंजऱ्याला हाडाने जोडलेला राहतो. बैलाला हे हाड नाही. त्याचा पुढचा पाय धडाला कोणत्याही हाडाने जोडलेला नसतो. खांद्याचे पाते केवळ स्नायूंनी बांधलेले असते आणि छातीचा सगळा भार दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत तोललेला असतो. उडी मारून खाली आलेल्या जनावराला जो हादरा बसतो तो या झोळीत जिरतो. ज्याला झाडाच्या फांदीला लोंबकळायचे आहे, हात बाजूला फैलावायचा आहे, त्याला ते आडवे हाड लागते. ज्याला फक्त पुढेमागे पाय टाकत पळायचे आहे, त्याचे त्यावाचून अडत नाही.

घोड्याने हाच मार्ग आणखी पुढे नेला. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत बैल आणि घोडे जवळजवळ पाहायला मिळतात, तिथे तुलना सहज करता येईल. बैलाच्या पायाला दोन पत्र्या, तर घोड्याला एकच नाल, कारण घोडा प्रत्येक पायावर एकाच, मधल्या बोटाच्या नखावर उभा असतो. त्याच्या नळीच्या दोन्ही अंगांना कातडीखाली दोन बारीक काड्यांसारखी हाडे असतात, जी खाली कशालाच जोडलेली नसतात. ती दुसऱ्या आणि चौथ्या बोटाची उरलेली हाडे होत. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत घोड्याच्या कुळातल्या जनावरांचे जे जीवाश्म मिळतात, ती जनावरे लहान कुत्र्याएवढी होती, त्यांच्या पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना तीन बोटे होती. त्यानंतरच्या खडकांत तीन बोटांचे, मग मधले बोट मोठे आणि बाजूची लहान झालेले, आणि अखेरीस एका बोटाचे प्राणी मिळतात. हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. मध्ये अनेक फांद्या फुटल्या आणि वठल्या, त्यांपैकी एकच आज उरली आहे.

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर यांची हाडे दिलेली आहेत. परीक्षेला ‘शरीरशास्त्रीय पुरावे’ म्हणून ती पाठ केली जातात आणि विसरली जातात. वास्तविक त्यातला मुद्दा विलक्षण आहे. जुन्या गढीच्या तळघरात लटकणाऱ्या वटवाघळाचा पंख म्हणजे अतोनात लांब झालेली चार बोटे आणि त्यांच्यामध्ये ताणलेली कातडी. मोकळा राहिलेला अंगठा पंखाच्या वरच्या कडेला आकड्यासारखा दिसतो. देवमाशाच्या परात बोटे आहेत, पण बाहेरून ती दिसत नाहीत. पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्याच्या काडीसारख्या पायात मध्येच जो सांधा मागे वाकतो, तोही घोटाच आहे. पकडणे, धावणे, उडणे आणि पोहणे ही चार वेगळी कामे आहेत. चार कामांसाठी चार अवजारे कुणी नव्याने घडवायला बसला असता तर त्याने प्रत्येकात ‘एक हाड, दोन हाडे, बारीक हाडे, बोटे’ हाच क्रम ठेवण्याचे काहीही कारण नव्हते. सर्वांत ठेवण सारखी आहे, कारण ती एका सामायिक पूर्वजाकडून वारशाने आलेली आहे. गंमत अशी की हे साम्य एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ज्याने सर्वांत बारकाईने मांडले तो ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन पुढे डार्विनच्या कडव्या विरोधकांत गणला गेला. साम्याचे कारण समान वंश हे आहे, असा अर्थ चार्ल्स डार्विनने १८५९ मध्ये लावला.

प्राण्याच्या शरीराकडे पाहताना मला पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला वाडा आठवतो. वाड्यात माणसे राहत असतात, त्यामुळे दुरुस्तीसाठी तो कधीही पूर्ण पाडता येत नाही. भिंत फोडून दार काढतात, ओसरीची खोली करतात, गोठ्याचे दुकान होते, आणि अखेरीस बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो की स्वयंपाकघरात जायला देवघरातून वळसा का घालावा लागतो. शरीराचेही तसेच आहे, कारण पूर्वजांच्या साखळीतला प्रत्येक जीव जिवंत आणि प्रजननक्षम असावाच लागतो. मधल्या एखाद्या पिढीला ‘काम चालू आहे’ म्हणून बंद राहण्याची सवलत नाही.

असा एक वळसा बैलाच्या गळ्यातच आहे. हंबरण्यासाठी लागणारे स्वरयंत्र घशात, मेंदूच्या अगदी जवळ आहे. त्याच्या स्नायूंना आज्ञा देणारी डावीकडची नस मात्र मेंदूतून निघून सबंध मान उतरते, छातीत जाते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या खालून वळते आणि पुन्हा मानेतून वर चढून स्वरयंत्राला मिळते. काही अंगुळांच्या अंतरासाठी मानेच्या दुपटीएवढा प्रवास. माणसात तीच नस तशीच वळते, आणि जिराफात तर हा फेरा चार मीटरच्या वर जातो. माशात हे कोडे सुटते. माशाला मान नसते, हृदय कल्ल्यांच्या लगतच असते आणि तिथे ही नस रक्तवाहिनीच्या मागून सरळ आपल्या कल्ल्याला जाते. पुढे माशांच्या एका शाखेतून जमिनीवरचे चतुष्पाद झाले, मान लांबली, हृदय छातीत खाली सरकले आणि रक्तवाहिनीच्या खाली अडकलेली नस तिच्याबरोबर ओढली गेली. प्रत्येक पिढीत ती केसभर लांबणे हा स्वस्तातला बदल होता. गर्भाच्या वाढीत तिला तोडून नव्या वाटेने नेणे हा बदल कधी घडलाच नाही.

आता पोटाकडे. गवतातला मुख्य भाग म्हणजे सेल्युलोज, आणि तो पचवणारे रसायन गाय स्वतः तयार करू शकत नाही, शेळी करू शकत नाही, आपणही करू शकत नाही. ते काम जिवाणूंचे आहे. म्हणून रवंथ करणाऱ्या जनावरांनी, म्हणजे त्यांच्या वंशाने, अन्ननळी आणि जठर यांच्या मार्गावर जिवाणू पाळण्याचे कोठार तयार केले. खाटकाकडे जी वजडी मिळते ती याच भागांची. त्यात बारीक बारीक मऊ काटे असलेला तुकडा पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्याचा असतो. पूर्ण वाढलेल्या गायीत हा कप्पा शंभर लिटरहून अधिक माल सामावतो. षटकोनी खणांची जाळी असलेला तुकडा दुसऱ्या कप्प्याचा, पानांसारख्या पातळ पडद्यांचा तिसऱ्याचा. आम्ल आणि पाचकरस सोडणारे खरे जठर म्हणजे चौथा कप्पा. गाय गवत न चावता गिळते, निवांत बसून ते परत तोंडात आणते, दाढांनी बारीक करते, आणि शेवटी चौथ्या कप्प्यात गवताच्या रसाबरोबर त्या जिवाणूंनाही पचवते. तिला मिळणारी बरीचशी प्रथिने या जिवाणूंची असतात. नवजात वासराला मात्र हे कोठार चालत नाही. दूध तिथे गेले तर नासेल, म्हणून चोखताना अन्ननळीच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध थेट चौथ्या कप्प्यात उतरते.

गायीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे घट्ट गादी असते. बाजारात बैल पाहताना आदत, दुसा, चौसा, जुळलेला असे जे वय ठरवले जाते ते खालच्या आठ दातांवरून: दुधाचे दात पडून कायमचे मोठे दात जोडीजोडीने येतात, पहिली जोडी साधारण दोन वर्षांच्या सुमारास. त्या आठांपैकी कडेचे दोन मूळचे सुळे आहेत; ते शेजाऱ्यांच्या पंक्तीत बसून त्यांच्याचसारखे झाले आहेत. शरीररचनेच्या अभ्यासकाला हे शोधायला पिढ्या लागल्या, बाजारातल्या दलालाला त्याची गरज नाही.

इथे वानराचा उल्लेख केला पाहिजे. वेरूळच्या लेण्यांभोवती आणि गावोगावच्या पिंपळांवर दिसणारे काळ्या तोंडाचे वानर पाने खाऊन जगते आणि त्याचेही जठर कप्प्यांचे असून त्यात जिवाणू पाने आंबवतात. गाय आणि वानर यांचा सामायिक पूर्वज पाने आंबवणारा नव्हता. माकडांच्या वंशात हे पोट स्वतंत्रपणे तयार झाले. इतकेच नव्हे, तर अश्रू आणि लाळेत जिवाणू फोडण्याचे काम करणारे लायसोझाइम नावाचे प्रथिन या दोन्ही वंशांत जठरात कामाला जुंपले गेले आणि आम्लात टिकण्यासाठी त्यात काही ठिकाणी तेच ते बदल झाल्याचे १९८७ मध्ये दाखवले गेले. म्हणून साम्य दिसले की लगेच नाते जोडू नये. हाडांच्या ठेवणीतले साम्य, ज्याचा कामाशी संबंध नाही, ते वंशाचे असते. कामातले साम्य दोन परक्या वंशांतही उगवते. पक्ष्याचा पंख आणि फुलपाखराचा पंख दोन्ही उडवतात, पण एकात हाडे आहेत आणि दुसरा कातडीचा पापुद्रा आहे.

नाते कसे ओळखावे याचे माझ्या मते सर्वांत देखणे उदाहरण बोकडाच्या मागच्या तंगडीत आहे. घोट्याच्या सांध्यात एक छोटे हाड असते, ज्याच्या वरच्या टोकाला खाचेची गोल कप्पी असते आणि खालच्या टोकालाही. माणसाच्या घोट्यातल्या त्याच हाडाला कप्पी फक्त वर असते. दोन्ही टोकांना कप्पी हा समखुरी प्राण्यांचा, म्हणजे गाय, शेळी, हरिण, उंट, डुक्कर, पाणघोडा यांचा खास शिक्का आहे. घोड्यात तो नाही, वाघात नाही, हत्तीत नाही. देवमासे कोणाचे नातेवाईक हा प्रश्न दीर्घकाळ वादात होता, कारण त्यांना मागचे पायच नाहीत. २००१ मध्ये पाकिस्तानातल्या सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतून, पाय असलेल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्याची हाडे प्रसिद्ध झाली आणि त्यांना दोन्ही टोकांना कप्पी होती. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातून भारतीय भूशास्त्रज्ञ ए. रंगाराव यांनी गोळा केलेल्या दगडांत पुढे इंडोहायस नावाच्या, मांजराएवढ्या खुरी प्राण्याचे अवशेष मिळाले, ज्याचा कान देवमाशासारखा आणि पाय हरणासारखा होता. ते संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. डीएनएचा पुरावाही त्याच दिशेने जातो. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे आणि त्यानंतर गाय-शेळीचे कूळ येते.

पाणघोडा म्हटले की आपण आफ्रिकेकडे पाहतो, पण मांजरा आणि गोदावरीच्या काठच्या जुन्या गाळात पाणघोड्यांचे, हत्तींचे आणि रानटी गुरांचे जीवाश्म मिळालेले आहेत. लातूर जिल्ह्यातल्या हरवाडी परिसरात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी मांजरेच्या गाळातून असे अवशेष काढले. त्याहून मागे जायचे तर मराठवाड्याची जमीन फारसे बोलत नाही. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, आणि लाव्हात हाडे टिकत नाहीत. जीवाश्म मिळण्यासाठी गाळ लागतो. म्हणून इथली नोंद नद्यांच्या गाळाची, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी अलीकडची आहे. त्या गाळात सापडणारी रानटी गुरे ही आपल्या वशिंडाच्या गुरांच्या पूर्वजांच्या कुळातली होती.

आतापर्यंत काय बदलले ते झाले. कसे बदलले याचे उत्तर तीन साध्या निरीक्षणांवर उभे आहे. एका जातीचे सगळे जीव सारखे नसतात. त्यांच्यातले काही फरक पिल्लांत उतरतात. आणि जितकी पिल्ले जन्मतात तितकी सगळी पुढची पिढी निर्माण करेपर्यंत टिकत नाहीत. ज्या फरकामुळे टिकण्याची आणि विण्याची शक्यता थोडी वाढते, तो फरक पुढच्या पिढीत थोड्या जास्त जणांत सापडतो. एवढेच. याला नैसर्गिक निवड म्हणतात. डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे लेखन १८५८ मध्ये एकत्र वाचले गेले, तेव्हा गुण पिढीत कसे उतरतात हे दोघांनाही ठाऊक नव्हते. ग्रेगोर मेंडेलचा वाटाण्यांचा शोधनिबंध १८६६ मध्ये छापला गेला आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे जवळजवळ दुर्लक्षित राहिला.

डार्विनने आपले म्हणणे पटवण्यासाठी आधी पाळीव जनावरांचा आधार घेतला, आणि मराठवाड्यात तो आधार दारातच बांधलेला आहे. लातूरची देवणी, नांदेडकडची लाल कंधारी, धाराशिवची उस्मानाबादी शेळी या जाती कुणी एका दिवशी घडवल्या नाहीत. देवणीत गीर, डांगी आणि स्थानिक गुरांचे रक्त आहे. कोणता वळू ठेवायचा आणि कोणता बडवायचा हे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ठरवत गेले आणि त्यातून वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे रंगांचे प्रकारही पक्के झाले. इथे निवड माणसाने केली. रानात तीच निवड दुष्काळ, रोग, शिकारी आणि जोडीदार करतात. मोराच्या पिसाऱ्याचे ओझे लांडोरीच्या पसंतीने टिकले आहे.

उत्क्रांतीबद्दल दोन समज सार्वत्रिक आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला असा की प्राणी गरजेनुसार स्वतःला बदलतो. जू ओढून बैलाचा खांदा घट्ट झाला तरी वासरू घट्टा घेऊन जन्मत नाही. बदलते ती तो फरक असलेल्या जिवांची संख्या, एका जिवाचे शरीर नव्हे. दुसरा असा की माकडाचा माणूस झाला, मग माकडे अजून का आहेत. वानर आपले चुलते आहे, आजोबा नव्हे. दोघांचा पूर्वज एक होता आणि तो आजचे वानरही नव्हता, आजचा माणूसही नव्हता.

आणि उत्क्रांती पाहायला कोट्यवधी वर्षे लागतात, हाही समज मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाने तरी बाळगू नये, कारण त्याने ती आपल्या रानात पाहिली आहे. बीटी कापसाच्या झाडात बॅसिलस थुरिंजेन्सिस या जिवाणूचे एक प्रथिन तयार होते. अळीने बोंड खाल्ले की ते प्रथिन तिच्या आतड्याच्या अस्तरावरच्या ठरावीक रेणूला चिकटते, अस्तराला छिद्रे पडतात आणि अळी मरते. आपल्या आतड्यात तो रेणूच नसल्याने आपल्यावर त्याचा हा परिणाम होत नाही. २००२ मध्ये एका जनुकाच्या बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचा कापूस आला. सुरुवातीची वर्षे अळी जवळजवळ दिसेनाशी झाली.

पण गुलाबी बोंडअळीच्या लाखो पतंगांत मोजके असे होतेच, ज्यांच्या आतड्यातला तो रेणू जनुकातल्या चुकीमुळे किंचित वेगळा होता आणि प्रथिन त्याला नीट चिकटत नव्हते. बीटी नसताना या वेगळेपणाला काही किंमत नव्हती. सर्वत्र बीटी लावल्यावर जिवंत राहणारे तेवढेच उरले आणि त्यांचे जोडीदारही त्यांच्यासारखेच. गुजरातेत एका जनुकाच्या कापसावर टिकणारी बोंडअळी २०१० पर्यंत नोंदली गेली होती. दोन जनुकांचा कापूसही पुढे निकामी ठरला आणि २०१७ च्या हंगामात मराठवाड्यात आणि विदर्भात शेतेच्या शेते डोमकळ्यांनी, म्हणजे अळीमुळे न उमललेल्या फुलांनी, आणि किडक्या बोंडांनी भरली. अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते आणि शिरल्याचे छिद्र मागे बुजून जाते, म्हणून बाहेरची फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

बियाण्याच्या पाकिटाबरोबर नॉन-बीटी बियाण्याचे जे लहान पाकीट येत असे, त्याचा अर्थ या सगळ्यात आहे. टिकाऊपणाचा हा गुण सुप्त आहे. आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी वाचते. शेताच्या कडेला साध्या कापसाच्या ओळी असतील तर तिथे नेहमीचे पतंग मुबलक वाढतात, तुरळक टिकाऊ पतंगांचा संयोग बहुधा त्यांच्याशीच होतो आणि त्यांची पिल्ले बीटीवर मरतात. अळीला खाऊ घालण्यासाठी कडेच्या ओळी लावायच्या, हे कुणाला पटावे? ते पाकीट बहुतेकांनी बांधावर फेकले, आणि त्यांना दोष देताना हे तर्कशास्त्र त्यांना कुणी समजावून सांगितले होते का, हेही विचारले पाहिजे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात या ओळी नियमाने लावल्या गेल्या, तिथे बोंडअळी दहा वर्षे बीटीला बळी पडत राहिली. २००६ पासून प्रयोगशाळेत वांझ केलेले पतंग हवेतून सोडण्यात आले आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. अळी तीच, प्रथिन तेच.

आपल्याकडे आता नॉन-बीटी बियाणे त्याच पिशवीत मिसळून दिले जाते, म्हणजे ते फेकण्याचा प्रश्न उरत नाही. कृषी विभाग फरदड, म्हणजे हंगामानंतर उभ्या ठेवलेल्या कापसाचे पीक, घेऊ नका असे दरवर्षी सांगतो, त्यामागेही हेच गणित आहे. या पतंगाची एक पिढी साधारण महिन्याभरात पूर्ण होते. डिसेंबरनंतर पाणी देऊन कापूस उभा ठेवला की टिकाऊ अळ्यांना आणखी दोन-तीन पिढ्या मिळतात आणि प्रत्येक पिढीत त्यांचे प्रमाण वाढते. पऱ्हाट्या वेळेवर उपटल्या तर उरलेल्या अळ्यांना सुप्तावस्थेत जावे लागते, त्यांतल्या बऱ्याच उन्हाळ्यात मरतात, आणि जूनमध्ये लागवड घाई न करता पावसाबरोबर केली तर मातीतून आधी बाहेर पडलेल्या पतंगांना अंडी घालायला पाते, म्हणजे कापसाची कळी, सापडतच नाही.